टोपीचा फोटो: उजेड टोपीखाली पोहोचतो का ते बघा

तुम्ही विचारलंय ते असं. तुमच्या फोटोग्राफी गटाने यंदा ‘टोपी’ हा विषय दिलाय, सहा फोटो द्यायचेत. पालखीत दोन दिवस आणि चुलत भावाच्या लग्नात एक दिवस मिळून तुम्ही तीनशेच्या वर फोटो काढले. कॅमेरा साधा डीएसएलआर, १८-५५ची किट लेन्स, शिवाय मोबाइल. घरी येऊन बघता तर पांढऱ्या टोप्यांचे कोरे ठिपके झालेत, खालचे चेहरे काळवंडलेत, लग्नातले फेटे दुकानाच्या जाहिरातीतल्यासारखे दिसतायत, आणि आजोबांची काळी टोपी टेबलावर ठेवून काढलेल्या फोटोत टोपी ओळखूच येत नाही. चुकतंय कुठे आणि हातात असलेल्या महिन्यात काय करावं, हा तुमचा प्रश्न.

मी गेली सव्वीस वर्षं माणसांचे फोटो काढतोय. आधी बरीच वर्षं लग्नं केली, नंतर गावोगाव फिरून काम केलं. तुम्ही पाठवलेले बारा फोटो सावकाश पाहिले. ‘टोपी’ हा विषय मिळाला की नजर टोपीवर जाऊन बसते. फोटो मात्र टोपीच्या खाली, कपाळापासून नाकापर्यंतच्या चार बोटांच्या जागेत बनतो किंवा बिघडतो. टोपी डोक्यावर नसेल तर तो तिच्या आत असतो. तुमच्या बाराही फोटोंत तुम्ही टोपीचा बाहेरचा भाग बघितलाय.

पांढऱ्या टोपीपासून सुरुवात करतो, कारण तुमचे निम्मे फोटो तिचेच आहेत. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर असं धरून चालतो की समोरचं दृश्य मधल्या करड्या रंगाचं आहे, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारं. स्वच्छ धुतलेली, खळ दिलेली खादी ऐंशी टक्क्यांच्या आसपास उजेड परत फेकते. उजेड दुप्पट झाला की त्याला एक स्टॉप म्हणतात: १८चे ३६ झाले की एक, ३६चे ७२ झाले की दुसरा. म्हणजे टोपी मधल्या करड्यापेक्षा दोन स्टॉपांहून थोडी वरच बसते. शेतात रापलेला चेहरा मधल्या करड्याइतका किंवा त्याहून स्टॉपभर गडद. तेव्हा टोपी आणि चेहरा एकाच उजेडात असले तरी त्यांच्यात दोन ते तीन स्टॉपांचं अंतर असतंच. तेवढं तुमचा कॅमेरा आरामात पेलतो. भर उन्हात मात्र टोपीवर थेट ऊन पडतं आणि डोळ्यांच्या खोबणीत सावली. सावलीचे आणखी दोन-तीन स्टॉप वाढले की अंतर पाचावर जातं, आणि मग चेहरा सांभाळला तर टोपी जाते, टोपी सांभाळली तर चेहरा जातो. पालखीच्या वाटेवरच्या तुमच्या वाल्ह्याच्या फोटोत नेमकं हेच झालंय.

इथे एक सल्ला सर्रास दिला जातो: पांढरं दिसलं की एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड आपण वाढवायचं-कमी करायचं सेटिंग) प्लस करा. तुम्हीही तो ऐकलेला दिसतो. पांढऱ्याने फ्रेम भरली असेल तेव्हाच तो बरोबर आहे. दिंडीतल्या वीस टोप्या जवळून, एकमेकींना चिकटून आल्या असतील तर प्लस एक ते दीड हवंच, नाहीतर टोप्या राखाडी येतील. पण दिवे घाटातल्या तुमच्या फोटोत ओला डांबरी रस्ता आहे, मागे गडद डोंगर आहे आणि मध्ये एकट्या वारकऱ्याची टोपी, फ्रेमच्या विसाव्या भागाएवढी. मीटरने सगळा अंधार बघितला आणि एक्स्पोजर वाढवलं. त्यावर तुम्ही आणखी प्लस एक केलं. तिथे मायनस दोन-तृतीयांश ते मायनस एक पाहिजे होतं. पांढरी टोपी किती पांढरी आहे यापेक्षा तिने फ्रेममधली किती जागा व्यापलीय ते आधी बघा.

मी स्वतः हिशेब करत बसत नाही. स्पॉट मीटरिंग, म्हणजे एका ठिपक्यापुरताच उजेड मोजणारी सोय, लावतो, टोपीच्या सर्वांत उजळ बाजूवर ठिपका ठेवतो आणि मॅन्युअलमध्ये मीटरची सुई प्लस एक आणि दोन-तृतीयांशवर आणतो. टोपीतली वीण, घडीची रेघ, शिवण सगळं टिकतं. मग त्या एक्स्पोजरला चेहरा कसा येतोय ते पडद्यावर बघतो. चेहरा फार खाली गेला तर सेटिंग बदलत नाही, माणसाची जागा बदलतो. मोबाइलवर टोपीवर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक झालं की पट्टी हळू वर सरकवा आणि वीण पुसायला लागण्याच्या थोडं आधी थांबा. मोबाइलचं एचडीआर (उजळ आणि गडद फोटो एकत्र जोडणारी सोय) टोपीही वाचवतं आणि चेहराही, पण दोन्हीतला फरकच पुसून टाकतं. कळकट करडी टोपी आणि मेणाचा चेहरा. बंद करता येत असेल तर ते बंद करा.

आता जागेबद्दल, कारण माझ्या मते नव्वद टक्के काम इथेच होतं. जुन्या घराच्या ओसरीवर, कडेपासून हातभर आत, अंगणाकडे तोंड करून माणसाला बसवा. डोक्यावरचं छप्पर वरून येणारा उजेड अडवतं, आणि अंगणातला उजेड समोरून, टोपीच्या खाली थेट डोळ्यांत येतो. टोपी आणि चेहरा एकाच उजेडात आले, अंतर परत दोन-तीन स्टॉपांवर. अंगण शेणाने सारवलेलं असेल तर उजेड थोडा मऊ आणि उबदार, फरशी किंवा कोबा असेल तर उजेडच जास्त. ओसरी नसेल तर देवळाचा सभामंडप, चहाच्या टपरीचा पुढे आलेला पत्रा, एसटी स्टँडची शेड, ट्रॅक्टर ट्रॉलीवर बांधलेली ताडपत्री. दोनच गोष्टी बघायच्या: वर झाकलेलं आहे का आणि समोर उघडं आहे का.

पालखीत एका दिवशी ढगाळ हवा होती, मग त्या दिवशी सावली आली कुठून, असं तुम्ही विचारलंय. चांगला प्रश्न आहे. ढगाळ उजेड सगळीकडून सारखा येतो असं आपण मानतो, पण तसं नसतं. पूर्ण भरलेलं आभाळ डोक्यावर क्षितिजापेक्षा जवळपास तिप्पट उजळ असतं. म्हणजे आषाढातल्या ढगाळ दुपारीही उजेड मुख्यतः वरूनच येतो. त्याला कडक कड नसते, म्हणून तो उभ्या माणसाला दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतो. तुमच्या फोटोंत डोळ्यांभोवतीची काळी वर्तुळं त्याचीच. ढगाळ हवेतही पत्र्याखाली जा. नाहीतर माणसाला हनुवटी दोन बोटं वर करायला सांगा आणि तुम्ही गुडघ्यावर या.

पण टोपी मागे घ्यायला सांगू नका. ‘माउली, टोपी जरा वर सरकवा’ हे वारीत दर दहा पावलांवर ऐकू येतं आणि मला त्याचं वाईट वाटतं. ज्या माणसाने चाळीस वर्षं टोपी भुवईच्या वर दोन बोटांवर, उजवीकडे किंचित कलती घातलीय, तो कल म्हणजे तो माणूस. कुणी टोपीचं टोक ताठ पुढे ठेवतो, कुणी टोपी पार मागे ढकलून कपाळ मोकळं सोडतो, कुणी कानावर आणतो. आपण तिला गांधी टोपी म्हणतो, पण गांधीजींनी स्वतः ती फार थोडा काळ घातली. सप्टेंबर १९२१मध्ये मदुरैत त्यांनी पंचा स्वीकारला आणि टोपी सोडली. त्यांच्या पुढच्या फोटोंत डोकं उघडंच दिसतं. टोपी जगवली ती इथल्या शेतकऱ्याने, वारकऱ्याने, मुंबईच्या डबेवाल्याने, आणि प्रत्येकाने तिला आपल्या डोक्यासारखी केली. ती सरळ करून घेतलीत की तुमच्या सहाही फोटोंत एकच माणूस दिसेल.

एक क्षण मात्र सोडू नका. फोटो काढतायत हे कळलं की म्हातारी माणसं दोन्ही हातांनी टोपी नीट करतात. कोपर दोन्ही बाजूंना, बोटं टोपीच्या कडेवर, डोळे क्षणभर खाली. तुम्ही थांबता, ते हात खाली घेतात, ताठ होतात आणि मग तुम्ही क्लिक करता. आधीचा क्षण घ्या. विचारायच्या आधीच एक्स्पोजर लावून ठेवलेलं असेल तरच तो सापडतो. विचारायचं जरूर, चोरून नाही. पण विचारताना कॅमेरा तयार हवा.

काठाची टोपी, म्हणजे क्रिकेटची कॅप, गवती हॅट, ऊसतोड कामगार डोक्याला गुंडाळतात तो टॉवेल, मुंडासं, फेटा, यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. गांधी टोपीला पुढे काठ नाही, ती स्वतः सावली पाडत नाही. फेट्याचे पीळ आणि कॅपचा काठ खरी सावली पाडतात. ती घालवायची की ठेवायची हे आधी ठरवा. दर वेळी घालवायलाच हवी असं नाही. डोरोथिया लँग या अमेरिकन छायाचित्रकर्तीने १९३३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, मंदीच्या दिवसांत, फुकट अन्नासाठी उभ्या असलेल्या गर्दीचा एक फोटो काढला. सगळे पाठमोरे, सगळ्यांच्या डोक्यावर हॅट. एकच माणूस आपल्याकडे वळलेला, कठड्यावर टेकलेला, दोन्ही हात एकमेकांत अडकवलेले, हातांच्या मध्ये पत्र्याचा डबा. त्याची हॅट मळलेली, चुरगळलेली, आणि तिच्या काठाखाली डोळे जवळजवळ दिसतच नाहीत. डोळे दिसत नाहीत म्हणून आपण हात बघतो, मिटलेलं तोंड बघतो. तिथे कुणी फ्लॅश मारून डोळे दाखवले असते तर फोटो संपला असता. लँग त्याआधी स्टुडिओत श्रीमंत घरच्यांची पोर्ट्रेट काढत असे, उजेड टाकायचा कसा हे तिला चांगलं ठाऊक होतं. तुम्हीही सावली ठेवायची ठरवलीत तर हात किंवा ओठ तरी बोलते हवेत, हे तपासा. तुमच्या रसवंतीवाल्याच्या फोटोत सावली आहे आणि हात फ्रेमच्या बाहेर कापले गेलेत. पाऊलभर मागे आला असतात तर तो तुमचा सर्वांत चांगला फोटो होता.

सावली घालवायची असेल तर उजेड खालून किंवा समोरून आणावा लागतो. आपल्याकडे फुकटचे रिफ्लेक्टर भरपूर आहेत: चुना दिलेली भिंत, समोर उघडलेलं वर्तमानपत्र, अंथरलेलं धोतर, थर्माकोलचा पत्रा. तुम्ही कोकणात जाणार असाल तर आषाढ-श्रावणात भातखाचरातलं पाणी बघा. लावणी करणारी बाई वाकलेली असते, डोक्यावर इरलं. इरलं म्हणजे बांबूच्या काड्यांचा सांगाडा आणि त्यावर पानं. आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचा कागद असतो. डोक्यापासून कमरेपर्यंत झाकलेली ती एक गुहाच. वरून थेंबभर उजेड नाही. पण खाचरातलं पाणी आभाळाचा उजेड खालून वर, नेमका चेहऱ्यावर फेकतं. हनुवटीच्या खालची बाजू उजळ आणि कपाळ गडद, हा उलटा उजेड दुसरीकडे सहज मिळत नाही. त्यासाठी तुम्हाला बांधावर बसून कॅमेरा पाण्याच्या जवळ आणावा लागेल. बांधावरून उभ्याने काढलात तर फक्त पाठीवरचं प्लास्टिक येईल.

लग्नाच्या हॉलमध्ये तुम्ही फ्लॅश छताकडे वळवलात. सगळ्या शिबिरांत शिकवतात तसं, आणि एरवी ते योग्यही आहे. पण छतावरून परतलेला उजेड वरून येतो, आणि फेट्याचे पुढे आलेले पीळ त्याला पुन्हा अडवतात. नवरदेवाच्या डोळ्यांवर सावली त्यामुळे आली. डोक्यावर काही असेल तेव्हा फ्लॅश बाजूच्या भिंतीवर मारा. भिंत पांढरी नसेल तर कुणाच्या तरी पांढऱ्या सदऱ्यावर मारा, मी ते अनेकदा केलंय. बाहेर उन्हात कॅमेऱ्यातूनच वर उघडणारा छोटा फ्लॅशही पुरतो. तो लेन्सच्या जवळ असतो, त्याचा उजेड काठाखालून सरळ आत जातो. फ्लॅश कॉम्पेन्सेशन मायनस एक किंवा दीड ठेवा, माणसापासून दीड-दोन मीटरांत राहा. शटर बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० सेकंदाच्या पुढे जाणार नाही, तेव्हा आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) एफ ११ वगैरेपर्यंत लहान करावं लागेल. फ्लॅश वापरलाय हे कळता कामा नये, डोळ्यांत नुसती चमक यावी.

फोकसबद्दल थोडक्यात. काठाची कड आणि तिच्यामागची सावली यांत इतका फरक असतो की ऑटोफोकस तिथेच जाऊन अडकतो. तुमच्या किट लेन्सला ५५वर, एफ ५.६ला, दीड मीटरवरून पंधरा-सोळा सेंटिमीटर खोली स्पष्ट मिळते, त्यात डोळे आणि काठ दोन्ही बसतात. म्हणून तुमचा फोकस फारसा चुकलेला नाही. पण तुम्ही मित्राची ५० एमएम एफ १.८ लेन्स मागणार आहात. तिथे पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला तेवढ्याच अंतरावरून जेमतेम साडेसहा सेंटिमीटर मिळतील, आणि कॅपचा काठ डोळ्यांच्या तेवढाच पुढे असतो. एकच फोकस पॉइंट निवडा, तो डोळ्यावर ठेवा किंवा भोक एफ ४पर्यंत लहान करा. आणि मोबाइलचा मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड टोपीच्या विषयाला वापरूच नका. तो फेट्याचा तुरा अर्धा कापतो, गवताच्या काड्या पुसतो, आणि वासुदेवाच्या टोपीवरच्या मोरपिसांचं तर पीठ करून टाकतो.

फेट्यांकडे येतो. तुमचे लग्नातले फोटो तांत्रिकदृष्ट्या ठीक आहेत तरी निर्जीव वाटतात, कारण तुम्ही बांधून झालेल्या फेट्यांचे फोटो काढले, आणि त्यातले बरेचसे आधीच शिवून आणलेले. शिवलेला फेटा टोपीसारखा घालतात, त्याला बांधणाऱ्याचा हात लागलेला नसतो. पुढच्या लग्नात सकाळी लवकर जा आणि फेटे बांधणारा माणूस कुठे बसलाय ते शोधा. कापडाचं एक टोक डोक्याशी, दुसरं खोलीच्या पलीकडे कुणीतरी ताणून धरलंय, मध्ये ते पीळदार कापड हवेत तरंगतंय, बांधणाऱ्याचे अंगठे पीळ दाबतायत, बसलेला मुलगा मान आखडून समोर बघतोय. खोलीतल्या खिडकीला पाठ करून उभे राहा, १८च्या बाजूला लेन्स ठेवा, शटर १/२५०च्या खाली नेऊ नका, कारण हात फार भरभर चालतात. तुरा उभा करून झाला की उजेड मागून घ्या; खळीच्या कापडातून तो पाझरतो आणि घड्या एकेक मोजता येतात. शेमला पाठीवर रुळतो, म्हणजे फेट्याचा अर्धा फोटो मागून आहे. पाठमोरा फोटो काढायला संकोचू नका.

भगव्या आणि गुलाबी फेट्यांचा रंग तुम्हाला सपाट मिळाला कारण लाल चॅनल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा थर, आधीच कमाल उजेडाला पोहोचून संपला होता. साधा हिस्टोग्रॅम (फोटोत गडद-उजळ किती आहे ते दाखवणारा आलेख) सगळं ठीक दाखवतो, लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा उघडलात तर लाल उजव्या भिंतीवर आदळलेला दिसेल. अशा फेट्याला अर्धा ते एक स्टॉप कमी ठेवा आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, फाइल घ्या. गडद गुलाबी फेट्याची झाक कपाळावर पडते तीही बघा. ती पूर्ण काढू नका, थोडी कमी करा. फेट्याखालच्या कपाळावर ती असायलाच हवी.

संगणकावर पांढऱ्या टोपीवर आयड्रॉपर (रंग उचलणारी खूण) टेकवून व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणून करतात ती रंगांची जुळणी) काढला असं तुम्ही लिहिलंय, आणि चेहरे पिवळे का झाले ते कळलं नाही म्हणालात. टोपीला नीळ आहे! गावाकडे अजून पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात, आणि साबणाच्या पुडीत कपडा उजळ दाखवणारं द्रव्य असतं तेही उन्हात निळसर चमकतं. सॉफ्टवेअरने ती निळाई करडी मानली आणि सगळ्यावर पिवळा ओतला. व्हाइट बॅलन्स सावलीच्या किंवा ढगाळच्या ठरलेल्या खुणेवर ठेवा आणि टोपी निळसर राहू द्या. ती तशीच आहे, आणि कुणीतरी हाताने नीळ दिलीय म्हणून तशी आहे.

दिवे घाटाच्या वरच्या वळणावरून तुम्ही दोन फोटो दिलेत. तिथे दरवर्षी फोटोग्राफरांची गर्दी असते आणि वरून टोप्या मण्यांसारख्या दिसतात हे खरं आहे. सहातला एक फोटो असा असू द्या, जास्त नको. गर्दीत टोपी कशी वापरावी यासाठी आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या अमेरिकन छायाचित्रकाराचा १९०७चा जहाजावरचा ‘द स्टीअरेज’ हा फोटो शोधून बघा. वरच्या डेकवर आणि खालच्या स्वस्त वर्गात माणसांची दाटी, मध्ये तिरपा पूल, आणि वर कठड्यावरून खाली बघणाऱ्या एकाची गोल गवती हॅट, उन्हात उजळलेली. स्टिग्लिट्झने नंतर लिहून ठेवलंय की ती हॅट आणि भोवतीचे आकार बघून तो कॅमेरा आणायला खोलीकडे पळाला, परत येईपर्यंत तो माणूस हलू नये एवढीच त्याला धास्ती होती, आणि हातात एकच प्लेट होती. एक गोल उजळ ठिपका सगळी दाटी धरून ठेवतो. तुमच्या या दोन फोटोंत शंभर ठिपके आहेत आणि डोळा कुठे थांबावा ते कळत नाही. एखादा वेगळा शोधा: कुणाचं लाल मुंडासं, कुणी टोपी काढून वारा घेतोय, कुणाच्या खांद्यावर टोपडं घातलेलं लेकरू.

आता आजोबांची काळी टोपी. तुम्ही ती काळ्या सनमायकाच्या टेबलावर ठेवून ट्यूबलाइटखाली काढलीत. काळी टोपी स्वतःहून उजेड देत नाही, तिच्या लवेच्या कडेवरून जो थोडा चमकतो त्यातूनच तिचा आकार समजतो. तेव्हा उजेड मागच्या बाजूने, तिरका आणि कमी उंचीवरून यावा लागतो. संध्याकाळी चारच्या सुमारास उत्तरेकडची खिडकी, टोपी खिडकीपासून दोन हातांवर, खिडकी टोपीच्या मागे आणि डावीकडे, उजवीकडे काहीही नको. मागचा रंग मधला ठेवा: न रंगवलेली भिंत, गोधडी, जुन्या ट्रंकेचा पत्रा. कॅमेरा स्टँडवर, एफ ८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, शटर कितीही हळू चालेल. काळ्याने फ्रेम भरली असेल तर मायनस एक. परवाची धूळ मऊ ब्रशने काढा. कडेवरचं झिजलेलं कापड, तेलाने चकाकणारी पट्टी, तुटलेला टाका यांना हात लावू नका.

आणि तिच्यात कागद कोंबू नका. आकार यावा म्हणून तुम्ही वर्तमानपत्र भरलंत, ते फोटोत कडेने दिसतंयसुद्धा. वर्षानुवर्षं घातलेल्या टोपीत डोक्याचा आकार राहिलेला असतो. कागदाने तो गेला. कागद काढा, दोन दिवस तिला तिच्या खुंटीवर राहू द्या आणि मग ती उलटी किंवा आडवी ठेवून आतून बघा.

हे मी एका वारकरी आजोबांकडून शिकलो. लोणंदच्या मुक्कामात मी त्यांना फोटोसाठी विचारलं, तर त्यांनी पिशवीतून घडीची कोरी टोपी काढली, डोक्यावरची उतरवून मांडीवर ठेवली आणि नवी घालून बसले. मी त्यांचा फोटो काढला. बरा आला. मग ते मांडीवरची टोपी पुन्हा घडी करायला लागले तेव्हा तिची आतली बाजू माझ्याकडे वळली. पट्टीवर घामाची पिवळी रेघ, रेघेच्या वर आणखी एक फिकट रेघ, मध्ये बुक्क्याचा डाग. मी विचारलं, ‘आबा, हिचा काढू का?’ ते म्हणाले, ‘हिचा कशाला, ही मळलीय.’ थोडा वेळ बोलत बसलो तेव्हा त्यांनी ती माझ्या हातात न देता स्वतःच्या दोन्ही हातांत उघडी धरली. पत्र्याखालचा उजेड होता, ५५ एमएम, एफ ५.६, आणखी काही केलं नाही. त्या दिवशीचा मी ठेवलेला फोटो तो एकच.

म्हणून कुणाच्या टोपीचा फोटो काढायला लागलात तर ती जमिनीवर ठेवायला सांगू नका, चपलांच्या रांगेजवळ तर मुळीच नको. मांडी, खुंटी, उशाशी, ट्रॅक्टरचं स्टिअरिंग, विण्याची खुंटी, जिथे ती एरवी असते तिथेच काढा. पुणेरी पगडीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून ती कार्यक्रमात मखमलीवर ठेवून फोटो काढायची पद्धत वाढलीय. असे फोटो भरपूर आहेत, तुमच्या सहात तो नको. पगडीच घ्यायची असेल तर कारागिराच्या मांडीवरची अर्धवट पगडी घ्या.

निवडताना अंगठा वापरा. छोटी प्रिंट काढा किंवा पडद्यावरच अंगठ्याने टोपी झाका. फोटोचं काहीच बिघडलं नाही तर टोपी हा त्याचा विषय नाही. मग चेहरा झाका. तेव्हाही काही बिघडलं नाही तर तो टोपीच्या दुकानातला फोटो आहे. तुमच्या बारांतून मला तीन सापडले: रसवंतीवाला, दिंडीत टोपी पिळून पाणी काढणारा मुलगा, आणि पत्र्याखाली बसलेले चष्मेवाले काका, ज्यांच्या टोपीत एसटीचं तिकीट खोचलंय. ते तिकीट तुम्ही बहुधा पाहिलंच नाही, कारण फोटोत ते कडेला कापलं गेलंय. त्या काकांचा गाव तुम्हाला माहीत असेल तर पुन्हा जा. जाताना आधीच्या फोटोची प्रिंट घेऊन जा, पोस्टकार्डापेक्षा मोठी. दुसऱ्यांदा गेल्यावर ते कोरी टोपी शोधायला उठणार नाहीत, आणि तिकीट त्याच जागी असण्याची बरीच शक्यता आहे.